तार म्हटलं की थांबायचं

त्या घरात एका शब्दाला फार मान होता. शब्द म्हणजे, "तार!" सरळकाकांनी पुढच्या खोलीतून ही आरोळी ठोकली की घरातल्या माणसानं असेल तिथं खिळून राहायचं. दूध उतू जाऊ दे नाहीतर पाहुणा दारात येऊ दे, पॅसेजमध्ये पाऊल टाकायचं नाही. आतून "थांबले!" असं उत्तर आलं की मगच काका तारेला ताण देणार. काम झालं की "सुटली!" म्हणणार, आणि घर पुन्हा चालू. अकरा वर्षं हे असं चाललं होतं. घरात माणसं दोनच, काका आणि काकू, तेव्हा "थांबले!" म्हणायचं काम कायम काकूंकडेच.

काकांनी नोकरी केली टेलिफोनच्या खांबांवर, चौतीस वर्षं. निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, नातवंडांच्या मागे लागतात, नाहीतर जगाच्या चुका काढत बसतात. काकांनी यातलं शेवटचं मन लावून केलं, आणि उरलेल्या वेळात तारा सरळ करायला घेतल्या. घरच्या घरी अँटेना बनवणारे हौशी लोक असतात. त्यांना बाजारात तार मिळते ती गुंडाळीची, आणि गुंडाळीतनं निघालेली तार बोटांनी कितीही दाबा, ती लाटा सोडत नाही. वाकडी तार मोजली की माप खोटं, आणि माप खोटं आलं की रेडिओत नुसती खरखर. मग कुणीतरी सांगतं, अहो, त्या सरळकाकांकडे जा. खरं नाव काय होतं ते शेजारच्या शिंप्यालासुद्धा आठवत नव्हतं, आणि त्याची भिंत काकांच्या भिंतीला लागून होती.

लहान तुकडे सोपे. ते फरशीवर ठेवायचे, वर गुळगुळीत फळी ठेवायची आणि फळी पुढेमागे लाटायची. चार फेऱ्यांत तुकडा असा होतो की फरशीवर ठेवला तर खाली उजेड दिसत नाही. पण लांब तारेला अख्खं घर लागायचं. मागच्या दाराच्या चौकटीला आतल्या बाजूनं काकांनी लोखंडी वाईस ठोकला होता. तारेचं एक टोक त्याच्या जबड्यात आवळायचं. तिथून तार पॅसेजभर, स्वयंपाकघराच्या दारावरून, सरळ पुढच्या खोलीत आणायची आणि दुसरं टोक हाताने फिरवायच्या ड्रिलच्या तोंडात पकडायचं. मग मागे रेलायचं, सगळं वजन तारेवर टाकायचं आणि ड्रिल सावकाश फिरवायचं. तांब्याची तार असेल तर एका क्षणी ती हातात मऊ पडते, वीतभर लांबते, आणि जन्मात पुन्हा वेटोळ्याचं नाव काढत नाही. काका त्याला म्हणायचे, "तार सोडते." ते सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की काकूंना हसू यायचं.

हसण्यासारखं एवढंच होतं. ताणलेली तार तुटली की दोन्ही टोकं परत फिरतात. पॅसेजच्या भिंतीवर गिलाव्यात चार लांब ओरखडे होते, आणि त्यातला एक माणसाच्या गळ्याच्या उंचीवर होता. म्हणून काकांचे नियम कडक. पुढचं दार लावून घ्यायचं, कडी घालायची, म्हणजे मागून कुणी धडकणार नाही. हाक द्यायची, उत्तर घ्यायचं. ओढताना तोंड भिंतीकडे फिरवायचं, तारेकडे बघायचं नाही. बघायचं नाही, ऐकायचं. तुटायच्या आधी तार टिकटिक करते, अगदी बारीक. पहिल्या टिकेला हात जिथल्या तिथे. दुसरी झाली की तिसरी ऐकायला बसायचं नाही.

आता काकूंचं. काकू तीस वर्षं कापडाच्या गिरणीत मागांवर होत्या. शंभर मागांचा तो खडखडाट, शेजारची बाई कानात ओरडली तरी ऐकू यायचं नाही. म्हणून तिथल्या बायका ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचाच नाही, नुसतं तोंड हलवायचं, आणि समोरची चार माग ओलांडून वाचायची. मुकादमाच्या नाकासमोर त्याचीच टवाळी चालायची आणि त्या बापड्याला पत्ता नसायचा. काकू हे सांगायच्या आणि स्वतःच खो खो हसायच्या. पण गिरणीतल्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगताना हसायच्या नाहीत. तिचे कान गेले, आणि मग घरची माणसं तिच्यासमोरच तिच्याविषयी बोलायला लागली, कपाटासमोर बोलावं तशी. "त्यापेक्षा मेलेलं बरं," काकू म्हणायच्या. काका म्हणायचे, "तुला काय होतंय? तुला तर मनातलंसुद्धा ऐकू येतं."

तो गुरुवार होता. काकांनी तांब्याची तार लावली, पुढचं दार ओढून कडी घातली. हाक मारणार, तर तोंडात पेन्सिल. खूण करायला दातांत धरली होती ती तशीच राहिली होती. पेन्सिल काढायला हात वर गेला, आणि स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज आला, "थांबले!"

काकांना आधी हसूच फुटलं. म्हातारी घाईला आली, म्हणाले मनात. मग हसू ओठांवरच राहिलं. हाक तर मारलीच नव्हती.

त्यांनी तार सैल सोडली. दार उघडलं, थोडा वेळ थांबले, पुन्हा लावलं. तोंडातून ब्र काढला नाही. मनात चार आकडे मोजून होतात न होतात, तोच आतून, "थांबले!" आता उलट करून बघितलं. दार सताड उघडं ठेवलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "तार!" भिंतीपलीकडून शिंप्यानं मशीन थांबवलं आणि विचारलं, "काय झालं हो काका?" स्वयंपाकघरातून काही नाही. भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज, बस्स.

काका पॅसेजमध्ये जाऊन उभे राहिले. स्वयंपाकघराच्या दाराखाली बोटभर फट होती. पुढचं दार उघडं असलं की रस्त्यावरचा उजेड पॅसेजभर यायचा आणि त्या फटीतून आत एक पट्टा पडायचा. दार लावलं की पट्टा विझायचा. काकू त्या पट्ट्यावर डोळा ठेवून होत्या. पट्टा गेला की चार मोजायचे आणि म्हणायचं, थांबले. पट्टा आला की तार सुटली, बाहेर यायला हरकत नाही. किती दिवसांपासून, देवाला ठाऊक.

मग काकांना एकेक आठवायला लागलं. ढगाळ दिवस होता तेव्हा उत्तर उशिरा आलं होतं, म्हणून ते चिडून दोनदा ओरडले होते. उकडत होतं म्हणून एकदा दार किलकिलं ठेवलं होतं, तर काकू ताट घेऊन खुशाल बाहेर आल्या, आणि तार कानापासून वितीवर होती. "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणून ते खेकसले होते, आणि काकूंनी त्यांच्या तोंडाकडे बघत म्हटलं होतं, "चुकलं माझं." चुकलं म्हणे! कितीतरी दिवस बाई ताणलेल्या तारांच्या बाजूनं चालली होती आणि आपण मात्र हाक दिली, उत्तर आलं म्हणून निर्धास्त.

बोलायला हवं होतं. त्याच दिवशी, समोर बसून. पण काकांना ते कपाट आठवलं. एकदा शब्द निघाला की तो परत घेता येत नाही, आणि तो आपल्या तोंडून निघावा हे त्यांच्यानं होईना. दुसरा मार्ग होता तारा ओढणं बंद करायचा. तोही सुचला, नाही असं नाही. पण विज्ञानाच्या बाईंना शब्द दिला होता.

या बाई शाळेत शिकवायच्या, आणि मुलांना घेऊन शाळेच्या गच्चीवर मोठा अँटेना चढवणार होत्या. तांब्याची नुसती तार वाऱ्यात लांबते आणि झोळ पडतो, म्हणून त्यांनी आणली होती पोटात पोलाद आणि वरून तांब्याचा मुलामा असलेली. "काका, अकरा मीटर, सलग, सोमवारपर्यंत. तुमच्याशिवाय कुणाचं काम नाही हे." असं कुणी म्हटलं की काका पाघळायचे. आता ही पोलादी तार म्हणजे वेगळंच प्रकरण. ती सोडत नाही. ती वेटोळं विसरत नाही. पुरता ताण बसायच्या आधी सैल केली तर झटक्यात मूळ पदावर येते, आणि येताना मधे काय आहे ते बघत नाही.

शुक्रवारी काका बाजारातून एक कडी घेऊन आले आणि स्वयंपाकघराच्या दाराला पॅसेजच्या बाजूनं बसवली. काकूंनी विचारलं, "ही कशाला?" काका तोंड फिरवून काहीतरी पुटपुटले. तोंड फिरवल्यावर काकूंना काय कळणार? पण त्यांनी मान हलवली, कळल्यासारखी. दोघांनीही एकमेकांना असं फसवलं, अगदी प्रेमानं. कडीला तेलसुद्धा घातलं काकांनी, आवाज होऊ नये म्हणून. आवाज कुणाला ऐकू जाणार होता, हे तेल घालताना त्यांच्या लक्षात आलं, आणि ते कडीकडे बघत तसेच उभे राहिले.

शनिवारी दुपारी त्यांनी तार लावली. वाईस नेहमीपेक्षा दोन आटे जास्त आवळला. पुढचं दार ओढलं. चार आकडे, आणि आतून "थांबले!" काका पाय न वाजवता गेले आणि नवी कडी सरकवली. परत आले, ड्रिल उचललं, मागे रेलले, तोंड भिंतीकडे केलं. अन् चूक झाली ती इथेच. अकरा वर्षं एकच कडी घालायची सवय. हाताला वाटलं, कडी घातली. नव्या कडीच्या नादात पुढच्या दाराची रोजची कडी राहून गेली.

तार ताणली जात होती. काका सावकाश ड्रिल फिरवत होते, पोटऱ्या थरथरत होत्या. तेवढ्यात रस्त्यावरून वाऱ्याचा झोत आला आणि त्यांच्या पाठीमागे दार उघडलं. उजेड पॅसेजमध्ये गेला, स्वयंपाकघराच्या फटीपर्यंत गेला.

दाराची मूठ हलली. एकदा, दोनदा. मग गदगदा.

"अहो!"

"थांब गं!" काका ओरडले. "तार आहे!"

"अहो, दार का लागलंय? अहो!"

दारावर हात आपटायला लागले. खरं सांगायचं तर याच वेळी काकांना सगळं थांबवता आलं असतं. पॅसेज रिकामा होता, कुणाला इजा झाली नसती, तार गेली असती एवढंच. पण ताण अगदी बसत आला होता. अर्धं मिनिट, म्हणाले मनात, अर्धं मिनिट बडवू दे तिला, मग सांगतो काहीतरी. हे अर्धं मिनिट त्यांनी पुढे कितीतरी वेळा मोजलं.

दार बडवायचं थांबलं. काकांना वाटलं, बसली असेल स्टुलावर. आत काकूंच्या डोक्यात काय आलं असेल? पट्टा आला होता, म्हणजे तार सुटली. दार बाहेरून बंद. हाका मारून उत्तर नाही, निदान त्यांना ऐकू येणारं नाही. घरात कुणी शिरलं असेल, नाहीतर हा माणूस कुठेतरी कोसळला असेल. स्वयंपाकघराला परसात उघडणारं दुसरं दार होतं. त्या चपलासुद्धा न घालता धावल्या.

मागचं दार उघडलं आणि परसातलं ऊन थेट काकांच्या तोंडावर आलं. उन्हात काकूंची काळी आकृती. वाईसपासून हातभर.

"तार!" काका किंचाळले. "तार! तार! मागे हो!"

किंचाळण्यानं वेडंवाकडं झालेलं ते तोंड काकूंना वाचता आलं नाही; त्यांनी नवऱ्याला उभं पाहिलं, एवढंच. कोसळला नाही, उभा आहे, धडधाकट आहे. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्या पॅसेजमध्ये शिरल्या, एक हात भिंतीवर, त्यांच्या लेखी सुटलेल्या तारेच्या कडेकडेनं.

आणि तेव्हा टिक झाली.

आता सोडायची सोय नव्हती. सैल करावी तर वेटोळी अख्ख्या पॅसेजभर उसळणार, आणि मधे काकू. धरून ठेवावी तर दुसरी टिक कधी होईल त्याचा नेम नाही. दोन्ही हात ड्रिलवर, बोटानं खूण करायचीसुद्धा चोरी. घाबरलेलं तोंड दिसलं तर ही धावेल, धावली तर तारेला लागेल, म्हणून काका हसले. घामानं डोळे चुरचुरत होते आणि तो माणूस हसत उभा राहिला. ये, म्हणत होते मनात, ये बाई, न घाबरता, भिंतीला धरून ये.

काकू अर्ध्या वाटेत आल्या आणि थांबल्या. स्वयंपाकघराच्या दारापाशी. त्यांनी कडी बघितली. बाहेरून सरकवलेली, तेल चमकतंय. मग त्यांनी वर बघितलं, नवऱ्याकडे, आणि नवरा हसत होता.

तो चेहरा काकांनी त्यापूर्वी कधी बघितला नव्हता, बेचाळीस वर्षांत. राग नव्हता त्यात. कुणीतरी आपल्याला कपाट समजलं, आणि ते कोण समजलं ते कळलं, असा होता तो.

दुसरी टिक.

नियम काय होता? तोंड भिंतीकडे. पण तोंड भिंतीकडे फिरवलं असतं तर काकूंना काय दिसणार होतं? काकांनी तोंड फिरवलं नाही. हसू टाकलं. ओरडले नाहीत, आवाजच काढला नाही. परसातल्या उन्हात तोंड नीट धरून त्यांनी ओठ उघडले, जीभ दातांना लावली, आणि गिरणीतल्या बायका बोलायच्या तसा तो शब्द सावकाश, पुरता, एकदाच उच्चारला.

काकूंनी वाचला. "थांबले," त्या म्हणाल्या, अगदी हळू, आणि पाठ दाराला चिकटवून उभ्या राहिल्या.

तार वाईसपाशी तुटली. पॅसेजमधून सुसाट गेली. काकूंच्या बाहीची चिंधी केली, गिलाव्यावर पाचवा ओरखडा काढला आणि काकांपर्यंत पोचली. काका अजून त्यांच्याकडेच बघत होते.

शिंपी धावत आला तेव्हा काका जमिनीवर बसले होते, आणि काकूंनी आपली ओढणी त्यांच्या उजव्या डोळ्यावर दाबून धरली होती. ती भिजली होती. काकू पुन्हा पुन्हा तेच म्हणत होत्या, "हाक मारायची ना हो! रोज मारता, आज का नाही मारलीत?"

शिंपी म्हणाला, "अहो काकू, केवढ्यानं ओरडत होते ते! माझ्या दुकानात..." आणि काकूंनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ओढणी आणखी घट्ट दाबली.

उजवा डोळा गेला. डॉक्टरांनी तीन दिवस वाट बघितली आणि मग सांगून टाकलं. बाई शाळेतून येऊन रडून गेल्या. काकांनी त्यांना सांगितलं, तार दुसरीकडून घ्या, आणि वाईस लागला तर घेऊन जा.

चौथ्या दिवशी काकूंनी खुर्ची पलंगाच्या डाव्या अंगाला ओढली, जिथून काकांना त्या दिसतील, आणि खिडकीचा पडदा सारला, म्हणजे काकांच्या तोंडावर उजेड येईल.

"कधी कळलं?" काकूंनी विचारलं.

"गुरुवारी," काका म्हणाले. ओठ नीट हलवून, सावकाश.

"आणि शुक्रवारी कडी आणलीत."

काकांच्या एका डोळ्यातून पाणी आलं. दुसऱ्यावर पट्टी होती. "कोंडलं मी तुला," ते म्हणाले. "विचारायचं सोडून कोंडलं. गुरुवारीच समोर बसून विचारलं असतं तर..."

काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. त्यावर ड्रिलच्या दांड्याचे वळ अजून होते.

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?" काकांनी विचारलं.

खोटं बोलायचं काकूंनी आता ठरवून सोडलं होतं.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "नसतं सांगितलं."